मंडईच्या दिवशी केलेली मोजणी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, पोरांजवळ नाही, ज्यांच्याबरोबर रोज सकाळी गोंदियाच्या बागेत फेऱ्या मारतो त्या म्हाताऱ्यांजवळ तर नाहीच. देवळात गेलो तर नातवंडांसाठी दोन शब्द पुटपुटतो आणि लगेच वळतो – जास्त वेळ उभं राहिलो तर हेच तोंडातून निघेल अशी भीती वाटते. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणूनच तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतं.

सांगायला बसलो, पण सुरुवात कुठून करू?

लोक माझ्याबद्दल एक गोष्ट सांगतात, तिथून करतो. दवनीवाड्याला माझं गाव. तिथल्या पारावर, माझ्या सासरी, जुन्या सहकाऱ्यांच्या लग्नकार्यांत ती अजून सांगतात – टेंभरे साहेबांनी ओळखलं होतं. सगळे एकीकडं वाहात चालले होते तेव्हा या माणसानं सांगितलं, हे तंत्र चालायचं नाही. आणि खरंच नाही चाललं. हे ऐकलं की मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो.

गोष्ट मोबाइलची आहे. आज पोरं हातात फोन घेऊन जन्मतात, त्यांना ठाऊक नाही की एके काळी या देशात मोबाइलचे दोन पंथ होते. एक जीएसएम, दुसरा सीडीएमए. जीएसएममध्ये सिमकार्ड – कार्ड काढा, दुसऱ्या फोनात घाला, नंबर तुमच्याबरोबर येतो. सीडीएमएमध्ये त्या काळी नंबर फोनातच कोंबलेला असायचा. फोन बदलायचा तर कंपनीच्या दारात जायचं. पण आवाज स्वच्छ. आणि आमच्या कंपनीला त्यासाठी जी लहर मिळणार होती ती लांब जायची. टॉवर कमी लागायचे. आमच्यासारख्या जंगल-तलावांच्या जिल्ह्यात याला किती किंमत होती ते आज कळणार नाही.

दोन्हींतला फरक मी नव्या पोरांना एका उदाहरणानं सांगायचो. जीएसएम म्हणजे ग्रामसभा. प्रत्येकाला बोलायची पाळी, पाळी आली की बोला, मग बसा. सीडीएमए म्हणजे तिरोड्याचा आठवडी बाजार. सगळे एकाच वेळी बोलतात – कुणी पोवारीत, कुणी गोंडीत, कुणी छत्तीसगढीत, व्यापारी हिंदीत – आणि तरी ज्याला जी भाषा येते त्याला त्या गलक्यातून आपला माणूस ऐकू येतो. पण गलका वाढला की काय होतं? जवळच्याचं ऐकू येतं. बाजाराच्या टोकाला उभा असलेला कितीही ओरडला तरी त्याचं काही पोचत नाही. सीडीएमएचा टॉवर तसाच. बोलणारे वाढले की त्याचा घेर आकसतो, कमी झाले की पसरतो. आम्ही म्हणायचो, टॉवर श्वास घेतो.

हे लक्षात ठेवा. माझं सगळं पाप या श्वासात आहे.

आता मधुकरबद्दल सांगतो. मधुकर बिसेन, माझा साडू. माझ्या बायकोची, कौसल्येची, धाकटी बहीण सुनंदा त्याला दिलेली. माझ्याहून वयानं लहान. मी डिप्लोमावाला, तो डिग्रीवाला. हुशार होता. हे लिहिताना आजही हात जड होतो, पण होता. उंच, बोलका, पंगतीत बसला की सगळी पंगत त्याच्याकडं तोंड करून जेवायची.

मोबाइल यायच्या आधी आम्ही दोघं एकाच ठिकाणी कामाला होतो. खेड्यांना रेडिओवर चालणारे फोन जोडायचं काम. रेडिओच्या दोन खांबांनी एकमेकांना सरळ पाहिलं पाहिजे, मध्ये काही आलं की संपलं. बोदलकसा तलावाच्या बाजूच्या टेकडीवरून मी एक जागा पाहिली. दिवस वैशाखाचे. दुर्बिणीतून पलीकडचा खांब लख्ख दिसला. मी सही केली. आषाढात फोन मुके झाले. का? सागवान वैशाखात उघडं असतं. मधलं सगळं रान मी काड्यांतून आरपार पाहिलं होतं. मग पानं आली – सागाची पानं, सुपाएवढी, ओली – आणि खांबाला खांब दिसेना. या रानात लहानाचा मोठा झालेला माणूस मी, आणि पानं विसरलो.

चूक माझी. वरच्यांसमोर मी ती त्याच दिवशी कबूल केली. तिथं विषय संपला असता. पण दुरुस्तीला पाठवलं मधुकरला.

त्या वर्षी दिवाळीला सासरी सगळे जमलेले. सासर तिरोड्याजवळच्या एका तलावापलीकडच्या टोल्यावर – टोला म्हणजे मूळ गावापासून सुटलेली दहा-पंधरा घरांची वस्ती. अंगणात पंगत बसलेली. मधुकरनं गोष्ट सुरू केली. नक्कल करून. डोळ्याला दोन मुठी लावून, मान ताणून – "दिसून राहिला, दिसून राहिला, एकदम फस्टकिलास!" मग छपराच्या वळचणीकडं पाहून दचकला – "अबब, हे पानं कोणं लावले जी इथं?" पोरं भातावर लोळली. सासरे ठसका लागेपर्यंत हसले. आणि मधुकर वाढणाऱ्या सुनंदेला म्हणाला, "भाऊजीले पत्रावळ नोको देऊ. पान दिसत नाही त्याहीले, भात मातीत घेतील."

मीही हसलो. हसावंच लागतं ना? पण मी मान वर केली, आणि समोर कौसल्या. पदर तोंडाला लावून – हसत होती. माझी बायको. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

त्या दिवसापासून मी त्या घरात 'पानझडे साहेब' झालो. दारात पाय ठेवला की कुणीतरी म्हणायचंच – "पानझडे आले, पानझडे आले!" लग्नात मांडवाला आंब्याचे टहाळे बांधताना – "पानझडे साहेबाले विचारा, दिसते का." पुढं पोरांची पोरंही म्हणायला लागली. त्यांना गोष्टही ठाऊक नव्हती.

तुम्हाला वाटेल, एवढंच? एवढ्यासाठी? मलाही वाटायचं, एवढंच तर आहे. पण तुमच्या चुकीचं कुणी नाव करून ते तुमच्या कपाळावर चिकटवलंय का कधी? आणि ज्या माणसासमोर तुम्हाला उंच दिसायचं असतं, तोच त्या नावाला हसलाय का? मी वर्षानुवर्षं वाट पाहिली. साधी नाही, चवीनं. नांगराला जुंपलेल्या बैलासारखा खाली मान घालून चाललो, आणि मनात एकच – याला एकदा सगळ्यांसमोर असं उभं करीन की याच्या तोंडून शब्द निघणार नाही.

संधी मोबाइलनं दिली.

आम्ही दोघंही एका खासगी कंपनीत गेलो होतो. नाव घेत नाही. आता ती राहिलीही नाही, दुसरीत विरघळली. पूर्व विदर्भात जाळं टाकायचं होतं, आणि वरच्यांपुढं प्रश्न होता – कोणत्या पंथात जायचं? दोन्ही करायला पैसा नव्हता. एकदा जीएसएमचे टॉवर उभे केले की सीडीएमए विसरा, आणि उलटंही तसंच. यंत्रं वेगळी, फोन वेगळे, पुढच्या सगळ्या वर्षांचा रस्ता वेगळा. मोठ्या शहरातल्या कंपन्या चुका करून सावरतात, आमच्यासारखी लहान कंपनी एकदाच निवडते.

मधुकर सीडीएमएचा. त्यानं मन लावून मांडणी केली होती. त्याचं म्हणणं सरळ – शहरात जीएसएम घ्या नाहीतर आणखी काही, पण आपली गिऱ्हाइकं टोल्याटोल्यांवर विखुरलेली आहेत. एका टॉवरात तलावापलीकडचा टोला येत असेल, तर तेच घ्या. त्याच्या हातात हुकमाचा एकच पत्ता होता. लांब पल्ला. बाकी सगळ्यात जीएसएम पुढं होतं – फोन स्वस्त होत चालले होते, निवड जास्त, दुसऱ्या राज्यात गेलं तरी चालायचं. पल्ला पडला की सीडीएमए पडलं, आणि मधुकरही. कारण तो जिंकला तर चार जिल्ह्यांचं काम त्याच्या हातात येणार होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कंपनीनं ठरवलं, चाचणी घ्या. तिरोड्याच्या बाजूला एकाच खांबावर दोन्ही यंत्रं बसवली. आसपासच्या गावांत चाचणीचे फोन वाटले, बोलणं फुकट. काही महिन्यांनी मोजणी करायची – जीपमध्ये दोन्ही प्रकारचे फोन ठेवून गावोगाव फिरायचं, कुठं किती सिग्नल, कुठं तुटतो, ते पाहायचं. मोजणारा माणूस दोन्ही गटांबाहेरचा हवा.

माझं नाव कुणी सुचवलं असेल?

मधुकरनं. नागपूरच्या बैठकीत, माझ्यासमोर. म्हणाला, "टेंभरे साहेब मोजतील. स्वतःची चूक स्वतः सांगणारा माणूस आहे तो." हे तो मनापासून म्हणाला. मला तेव्हा त्यातही पानं ऐकू आली.

चाचणीचा एक सीडीएमए फोन टोल्यावर सासूबाईंच्या घरी होता. सासरे तोवर गेलेले. दोन्ही लेकी गोंदियाला, मोठा मुलगा भिलाईला, म्हातारी एकटी धानाची बांधी सांभाळून होती. फोन आला आणि संध्याकाळी कामं आटोपली की ती ओट्यावर बसायची. कौसल्या, सुनंदा – रोज. काय बोलायच्या? कोंबडी अंड्यावर बसली. भाजीत मीठ जास्त झालं. फोन थोडा तापायचा, तर ती म्हणायची, "मांजरीच्या पिलावानी गरम लागते जी हाताले." घरी कौसल्या त्या वेळी दिवा लावून फोनजवळच बसलेली असायची. तिला मी लग्नानंतर एवढं हसताना फार क्वचित पाहिलं होतं. त्या अंगणातल्या पंगतीत पाहिलं होतं.

मोजणीचे दिवस मी ठरवायचे होते. जीएसएमची मोजणी मी एका साध्या दिवशी केली, लोक शेतात असताना. त्याच फेरीत सीडीएमएचा फोनही माझ्याजवळ होता. तलावाच्या पलीकडच्या काठावर, टोल्यावर, तो चालत होता. मधुकरनं म्हटलं होतं तसाच. जीएसएम तिथं पोचत नव्हता. मी ते पाहिलं, आणि सीडीएमएचा आकडा टिपला नाही. ड्रायव्हरला म्हटलं, याची मोजणी वेगळी करू.

मग मी मंडईची वाट पाहिली.

आमच्याकडं दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, जत्रेसारखी. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. घरोघरी पाहुणे, लेकी माहेरी आलेल्या, दुकानं, पाळणे, गोवारी गुराख्यांनी डफड्यांवर देवाची ढाल नाचवणं. खांबाजवळच्या मोठ्या गावाची मंडई होती त्या दिवशी मी जीप काढली. आधी टोल्यावर गेलो नाही. आधी त्या गावात गेलो, आणि ज्या ज्या घरी चाचणीचे फोन होते तिथं तिथं चहा प्यायलो. प्रत्येक ओट्यावर सांगितलं – आज बोलून घ्या, पाहुण्यांनाही बोलू द्या, फुकटच आहे. कुणी म्हणालं, काय बोलायचं एवढं? मी म्हटलं, अहो, नागपूरच्या पोरीला मंडई ऐकवा. एका म्हाताऱ्यानं खरंच फोन हातात उंच धरला, ढाल नाचत होती तिकडं, आणि डफड्यांचा आवाज कितीतरी वेळ नागपूरला जात राहिला. त्याचं पाहून दुसऱ्यानं धरला. मग बायका. मग पोरं रांगेत. गर्दीत हात वर करून उभे फोन – किती आनंदात होती माणसं! आणि मी त्या आनंदाकडं पाहात होतो, आणि मनात मोजत होतो – आकस. आणखी आकस.

तेव्हा जीपमध्ये बसून तलावाला वळसा घातला. पलीकडच्या काठावर सीडीएमएचा फोन तुटक झाला. टोल्याच्या तोंडाशी मुका.

ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, त्या दिवशी तं इथं लागत होता."

मी म्हटलं, "आज नाही लागून राहिला ना? मग झालं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. आणि जीप वळवली. सहा-सात वर्षांनी तो वारला. हे दुसरं कुणाला माहीत असेल तर त्यालाच होतं.

अहवालात मी आकडे खरे लिहिले. एकही आकडा खोटा नाही. फक्त दिवस लिहिला नाही. 'नेहमीच्या परिस्थितीत' असं लिहिलं. यंत्रात त्या दिवसाची गर्दी नोंदलेली असणारच, पण ती उघडून पाहायचं कुणाला सुचावं? टेंभरे साहेबांनी मोजलंय ना. टोल्यावर सासूबाईंचा फोन संध्याकाळी लागायचा, पण घरच्या एका ओट्यावरचं बोलणं जीपच्या आकड्यांपुढं पुरावा म्हणून कोण धरणार?

निकालाच्या बैठकीआधी जिन्यात मधुकरनं मला गाठलं. चेहरा उतरलेला. त्याला श्वासाचं तंत्र माझ्याहून चांगलं कळत होतं. त्यानं नेमकं तेच विचारलं. "भाऊजी, मोजलं तेव्हा गर्दी किती होती? बोलणारे किती होते?"

मी म्हणालो, "रोजचेच."

हा एक शब्द. माझा कबुलीजबाब खरं तर या एका शब्दाचा आहे. त्याला विश्वास ठेवायला एवढा पुरला. शंका घ्यायला त्याला एक क्षणही लागला नसता, समोर दुसरा कुणी असता तर. पण समोर मी होतो – स्वतःची चूक स्वतः सांगणारा.

बैठकीत त्याला उभं केलं. पल्ल्याचा दावा कशावर केला होता, सांगा. तो आकडे सांगत राहिला, मध्येच थांबला, म्हणाला, "सर, मला कळत नाही. पोचायला पाहिजे होता." टेबलाभोवती सगळे मोठे लोक. तेव्हा मी, मोजणारा, तटस्थ माणूस, जरा पुढं झुकून म्हणालो, "बिसेन साहेब, मधली झाडं पाहिली होती ना?"

सगळे हसले. ज्यांना जुनी गोष्ट ठाऊक होती ते तर टेबलावर हात आपटून हसले. मधुकर हसला नाही. त्याची मान खाली गेली आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी त्या पाळ्यांकडं पाहात बसलो. सांगू काय वाटलं? खरं सांगायचं ठरवलंय तर हेही सांगतो – गोड वाटलं. इतकं गोड आयुष्यात फार थोडं वाटलं असेल. परतीच्या गाडीत मी खिडकीजवळ बसून ते वाक्य पुन्हा पुन्हा मनात म्हणत होतो.

कंपनी जीएसएममध्ये गेली. मधुकरनं पुढच्याच वर्षी नोकरी सोडली. तिरोड्याला पाण्याच्या मोटारींचं दुकान टाकलं. रेडिओला त्यानं पुन्हा हात लावला नाही. सासरीही तो गप्प झाला. पंगत आता त्याच्याकडं तोंड करून बसेना.

चाचणीचे फोन परत गोळा करायचे होते. टोल्यावर दुसऱ्या कुणालाही पाठवता आलं असतं. मी स्वतः गेलो. का गेलो? तिथं एक काम बाकी होतं असं वाटत होतं. मधुकरच्या सासरहून मधुकरचा फोन काढून आणायचा होता. सासूबाईंनी तो लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून दिला. म्हणाल्या, "जवाईबापू, पुन्हा कवा आनून देता?"

मी म्हटलं, दिवाळीपर्यंत.

त्यांना ते खरं वाटलं. जीएसएमचा सिग्नल तलाव ओलांडत नव्हता, आणि दहा-पंधरा घरांसाठी नवा टॉवर कंपनी उभा करणार नाही हे मला त्या क्षणीही ठाऊक होतं. कितीतरी दिवाळ्या गेल्या. टोला मुकाच राहिला. कौसल्या संध्याकाळी दिवा लावून सवयीनं फोनजवळ यायची, आणि परत आत जायची.

एका सकाळी सासूबाई अंगणात पडल्या. अंगाची एक बाजू गेली. शेजारचा माणूस सायकलनं वळसा घालून जिथं फोन लागतो तिथवर गेला, तोवर दुपार. आम्ही पोचलो तेव्हा त्यांना अंगणातच चटईवर ठेवलेलं. शेजारीण म्हणाली, सकाळभर बोलत होत्या, पोरींची नावं घेत होत्या. कौसल्या आईच्या पायाशी बसली आणि एकदाच म्हणाली, "तो फोन असता तं." मधुकर माझ्या शेजारी उभा होता. तो म्हणाला, "माही चूक हाये, ताई. माहं गणित चुकलं नसतं तं फोन राहिला असता."

मी तिथंच उभा होतो.

मग दिवस फिरले. देशभर सीडीएमएच्या कंपन्या बसत गेल्या. फोन मिळेनात, लोक नंबर सोडून जाऊ लागले, यंत्रं भंगारात. ज्यांनी तो रस्ता धरला होता ते बुडाले किंवा पंथ बदलून कसेबसे तरले. आमची कंपनी बरीच वर्षं टिकली. आणि लोक म्हणू लागले – टेंभरे साहेबांनी ओळखलं होतं. निरोपाच्या समारंभात मला शाल दिली ती याच कौतुकावर.

हीच पळवाट मी इतकी वर्षं चघळली. शेवटी बरोबरच ठरलं ना? कंपनी वाचली ना, शेकडो लोकांची पोटं वाचली ना? पण मला काय ठाऊक होतं पुढचं? काही नाही. मी पुढचं पाहिलंच नव्हतं. मी फक्त मधुकरच्या कानाच्या पाळ्या पाहिल्या होत्या. आंधळ्यानं मारलेला दगड बोराला लागला म्हणून तो नेमबाज होत नाही. आणि ज्या वर्षांत टोला मुका होता, ती वर्षं पुढं काय जिंकलं यानं भरून येत नाहीत. ती वर्षं मी काढून घेतली होती.

ते बोर लागल्यावर मधुकरनं काय केलं माहीत आहे? सासरच्या मंडईला, भरल्या पंगतीत उठून उभा राहिला. पोरांना म्हणाला, "आजपासून कोणी यायले पानझडे म्हणाचं नाही. मी हासलो होतो या माणसाले. हा माणूस खरा निंघाला." आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. मी म्हटलं, अरे असू दे, असू दे. त्या क्षणीही आत काहीतरी ऊन ऊन पसरत गेलं. पश्चात्ताप नव्हता तो. तोच जुना गोडवा होता.

माफ केलंय का मी त्याला, त्या हसण्यासाठी? आज इतकी वर्षं झाल्यावर, तो माझ्या पाया पडल्यावर? प्रामाणिकपणे सांगतो – पूर्ण नाही. 'दिसून राहिला, दिसून राहिला' हे कानात आलं की अजून कान तापतात. म्हणजे अपराध माझा, आणि रागही माझाच शिल्लक. असा माणूस मी आहे.

या वर्षीच्या मंडईला टोल्यावर गेलो होतो. आता तिथं फाइव्ह-जी आहे. टोल्याच्या पाठीशीच टॉवर उभा आहे. पोरं बांधावर बसून सिनेमे पाहतात. मधुकर आता थकलाय, हात कापतात. तो अंगणात माझ्याजवळ सरकला आणि काडी घेऊन मातीत काढू लागला – हा तलाव, हा खांब, हा टोला. पोरं-सुना आसपास होत्या, कुणाचं लक्ष नव्हतं. म्हणाला, "भाऊजी, सीडीएमए बुडलं ते बुडलं, त्याचं काही नाही. पण इथून इथं ते जाया पायजे होतं. मी आजही मांडून पाहतो. आईचा फोन लागे, मंग मोजलं तवा काऊन नाही गेलं? माहं कुठं चुकलं, तेवढं कळाले पायजे होतं मराच्या आधी."

मी म्हटलं, "जाऊ दे गा. जुनं झालं."

त्यानं पायानं माती पुसली. आणि मी उठून हात धुवायला गेलो. कौसल्या तांब्या घेऊन उभी होती, तिनं माझ्या हातावर पाणी घातलं.

तुम्हाला सांगता सांगता धीर आला, तर आता लिहितो, जे तिथं बोललो नाही. हा कागद आधी कौसल्या वाचेल, मग मधुकरकडं जाईल. पुढं ते काय करतील तो त्यांचा प्रश्न.

मधुकर, तुझं काही चुकलं नव्हतं. मी मंडईच्या दिवशी मोजलं होतं. साध्या दिवशी तो जात होता. मी पाहिलं होतं. आणि त्यानंतरही एकदा पाहिलं.

टोल्यावर फोन घ्यायला गेलो तेव्हा सासूबाई ओट्यावर बसून बोलत होत्या. सुनंदेशी. मला पाहून म्हणाल्या, "थांब वो माय, जवाईबापू आले." फोन चालू ठेवूनच त्यांनी तो माझ्या हातात दिला. लुगड्याचा तुकडा त्या नंतर आणायला आत गेल्या. फोन गरम होता. आतून सुनंदा म्हणत होती – आई? आई, ऐकू येऊन राहिलं का? स्वच्छ, शेजारी उभी असल्यासारखी. मी बटण दाबून तो बंद केला. पडदा काळा व्हायच्या आधी पाहिलं – सिग्नलच्या सगळ्या रेघा उभ्या होत्या.